पिल्लाचे पाय वाकडे दिसतायत?

बांधकामावर साखळीला बांधलेलं चार महिन्यांचं पिल्लू आम्ही घरी आणलं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. पळताना मागचे दोन्ही सशासारखे एकदम उचलायचं. नुसत्या पोळीच्या तुकड्यांवर वाढलेलं! अशा वेळी मनानेच कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका, प्लीज. जास्त कॅल्शियमही वाढत्या हाडांना घातकच. आणि कुत्र्यांच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. आधी डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या. कुपोषणाने वाकलेली हाडं पिल्लांच्या संतुलित आहाराने बरीच सुधारू शकतात. खुब्याचा सांधाच सैल असेल तर उपाय वेगळे. आम्ही गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्यात. काल ते पहिल्यांदाच न घसरता वाटीपर्यंत पोचलं.