पतव्यवहाराची ओळख – लेखांक सातवा : तफावतीची रुजवात

पतअहवाल कसा तयार होतो आणि 300 ते 900 या अंकांत कर्जदाराची पत कशी मांडली जाते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. त्या अहवालातील नाव, जन्मतारीख किंवा पत्ता अर्जदाराने हजर केलेल्या दस्तऐवजांशी जुळत नसेल, तर समोर बसलेला इसम तोच आहे की नाही, याची खातरजमा कशी करावी, हा या खेपेचा विषय आहे. प्रश्न वरवर कारकुनी भासतो. परंतु परक्याची थकबाकी आपल्या नावावर चढल्यामुळे ज्याला घरासाठी कर्ज नाकारले जाते, त्याच्या अब्रूचा तो प्रश्न असतो.

तफावत दिसली की अर्जदार लबाड असावा, असा ग्रह करून घेण्याची सवय अनेक कचेऱ्यांत आढळते, आणि ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटते. पुष्कळदा माणूस एकच असून त्याची नोंद तेवढी दोन रूपांत झालेली असते. विवाहानंतर जोशींची देशमुख झालेली एखादी स्त्री पाहा. तिच्या पॅनच्या दहा वर्णांपैकी पाचवा वर्ण आडनावाचे आद्याक्षर दर्शवितो; नाव बदलले तरी पॅन क्रमांक बदलत नाही; म्हणून देशमुख या नावापुढे ‘जे’ हा वर्ण पाहून जो अधिकारी साशंक होतो, त्याने वस्तुतः तिच्या म्हणण्याला मिळालेला पुरावाच संशयाच्या खाती घातलेला असतो. विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र पाहिले म्हणजे ही रुजवात पुरी होते.

याहून बिकट प्रकार दोन माणसे एका अहवालात मिसळल्याचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी असल्यामुळे एकाच भावकीतील दोन चुलतभावांचे नाव आणि आडनाव एक असणे मुळीच दुर्मीळ नाही. त्यातच खरी जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून लिहून टाकीत, त्यामुळे जन्मतारीखही एक आणि गावही एक. त्यांना वेगळे करणारे असते ते वडिलांचे नाव, आणि छापील नमुन्यात नाव व आडनाव एवढीच जागा असली की नेमके तेच गळते. अशा वेळी दहा गोष्टी जुळल्या तरी त्यांचे वजन फारसे धरू नये, कारण त्या दोघांच्याही असू शकतात. पॅन किंवा वडिलांचे नाव निराळे निघाले, तर मात्र तेथेच थांबून कसून शहानिशा केली पाहिजे.

ही शहानिशा त्याच अहवालाच्या आधारे करणे व्यर्थ आहे, कारण ज्याविषयी शंका आहे तोच साक्षीदार ठरतो. वादग्रस्त कर्ज ज्या बँकेचे असेल, तिच्याकडील मूळ अर्ज, त्यावरील सही व छायाचित्र आणि कर्जाची रक्कम कोणाच्या खात्यात जमा झाली याची नोंद पाहावी. अर्जदारानेही पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करून वडिलांचे नाव नमूद असलेला शाळा सोडल्याचा दाखला आणि पॅनची प्रत जोडावी. कंपनी आपल्या मर्जीने नोंद बदलू शकत नाही; ती बँकेला विचारते, आणि बँकेने दुजोरा दिल्यावरच दुरुस्ती होते. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेल्या आदेशानुसार त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावयास हवी; म्हणून तक्रारीची पोच तारखेसह जपून ठेवावी. भारतात कार्यरत असलेल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि एकीच्या अहवालातील चूक दुसरीच्या अहवालात असेलच असे नाही, म्हणून चारही मागवावेत. एवढ्यानेही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 1 सप्टेंबर 2022 पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

जामीनदाराच्या अहवालावर मूळ कर्जदाराची थकबाकी कशी उमटते, हे पुढील लेखांकात पाहू.