ग्लासगोचं इंजिन, नगरचा रूळ

स्कॉटलंडचं वाफेचं इंजिन टेबलावर मावेल एवढं करायचं, तेही रिव्हेट न् रिव्हेट जागच्या जागी ठेवून! असल्या नादाला नगरच्या माणसानं का लागावं? कारण या इंजिनांच्या गमती थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात.

एकच जोडी, पण काय पळते!
मॉडेलवाल्यांचं लाडकं स्कॉटिश इंजिन म्हणजे कॅलेडोनियन रेल्वेचं १२३ नंबर. ग्लासगोच्या नीलसन कंपनीनं ते १८८६ मध्ये बांधलं. तसं दुसरं झालंच नाही. गाडी ओढायला चाकांची एकच जोडी, पण व्यास तब्बल ७ फूट. १८८८ मध्ये लंडन-एडिंबरा प्रवासात रेल्वे कंपन्यांची चढाओढ लागली, तेव्हा या पठ्ठ्यानं कार्लाइल ते एडिंबरा हे शंभर मैल पावणेदोन तासांच्या आत कापले. १:८७ या मापात त्याचं ते थोरलं चाक भरतं २४.५ मिलिमीटर, म्हणजे २०११ सालच्या दोन रुपयांच्या नाण्याएवढं. मूळ इंजिन ग्लासगोच्या रिव्हरसाइड संग्रहालयात आहे.

शंभर टनांचे दीडशे ग्रॅम
लांबी ८७ पट कमी केली की वजनही ८७ पट कमी होईल, असं वाटतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, त्यामुळे वजन साडेसहा लाख पटींनी उतरतं. १०० टनांचं इंजिन या हिशेबानं उरतं १५२ ग्रॅम! एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात आणि डबे हलत नाहीत. म्हणून मॉडेलवाले बॉयलरच्या पोटात गुपचूप शिसं भरतात.

अंगापेक्षा बोंगा मोठा
ब्रिटनमधले बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनंही अंगानं बारीक. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात जुन्या काळची मोटर मावेना. मग तिथल्या मंडळींनी तोडगा काढला: इंजिन १:७६ मापाचं, रूळ मात्र १:८७ चेच, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आजही ब्रिटिश मॉडेलं बहुतेक अशीच असतात. नीट पाहिलं तर इंजिन रुळांच्या मानानं जरा लठ्ठच दिसतं.

साडेपाच फुटांचा योगायोग
नगरवरून गाड्या धावतात त्या साडेपाच फुटी रुळांवरून. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी ४ फूट साडेआठ इंची रूळ पसरत होते, तेव्हा स्कॉटलंडच्या डंडी-आर्ब्रोथ आणि आर्ब्रोथ-फोरफार या दोन चिमुकल्या रेल्वेंनी १८३८ मध्ये नेमके साडेपाच फुटी रूळ टाकले होते. दहाएक वर्षांत त्यांनी ते बदलले. पुढे भारतासाठी रूळ ठरवायची वेळ आली. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी, हाही स्कॉटिश, सहा फुटांचा आग्रह धरून बसला होता. अखेर साडेपाचावर तडजोड झाली.

नगरची अख्खी लाइन, पावणेतीन किलोमीटरमध्ये
दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये खुला झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी कामावर आलेल्या माणसांनी त्याचं बरंच मातीकाम केलं. अंतर सुमारे २३५ किलोमीटर. विसापूर, नगर, वांबोरी, राहुरी, पुणतांबा, कोपरगाव अशी सगळी स्टेशनं घेऊन १:८७ मध्ये तो मांडायचा तर २.७ किलोमीटर लांब खोली लागेल. श्रीरामपूरच्या स्टेशनवर पाटी मात्र 'बेलापूर'चीच लावा, नाहीतर जाणकार नाक मुरडतील!

नकाशे गिरवणाऱ्या बाया
हुबेहूब मॉडेलला कारखान्याचे मूळ नकाशे लागतात. ग्लासगोच्या ड्यूब्स कंपनीत हे नकाशे गिरवायला १८६० च्या दशकातच स्त्रिया नेमल्या होत्या. याच कंपनीच्या इंजिनांवरची पाटी चौकट आकाराची, पत्त्यातल्या चौकटसारखी. मॉडेलवर ती गोल लावली की तज्ज्ञ लगेच पकडतात.

देशबंधू ते अंतिम सितारा
नीलसन, शार्प स्टुअर्ट आणि ड्यूब्स १९०३ मध्ये एकत्र आल्या आणि नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह ही युरोपातली सर्वांत मोठी इंजिन कंपनी उभी राहिली. ग्लासगोच्या रस्त्यांवरून इंजिनं ओढत क्लाइड नदीकाठी न्यायची, क्रेननं जहाजात चढवायची आणि जगभर पाठवायची, हा तिचा रिवाज. आपल्या डब्ल्यूजी जातीच्या मालगाडी इंजिनांची पहिली खेप तिथूनच आली. पाठोपाठ १९५० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यानं त्याच जातीचं आपलं पहिलं इंजिन बाहेर काढलं, 'देशबंधू'. १९७० मधल्या शेवटच्या डब्ल्यूजीचं नाव होतं 'अंतिम सितारा'. नॉर्थ ब्रिटिश त्याआधीच, १९६२ मध्ये दिवाळखोरीत गेली होती.

इंजिनवाल्यांचा रणगाडा
नगरच्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला मटिल्डा उभा आहे. युद्धकाळात मटिल्डा बांधणाऱ्या कारखान्यांत नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हही होती. रूळ सोडून इंजिनवाले चिखलात उतरले ते असे.

हात शिवशिवत असतील तर...
आधी पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून या. भाऊ जोशींनी उभारलेलं हे चिमुकलं रेल्वेविश्व १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मग पहिलं मॉडेल निवडताना १२३ चा मोह आवरा आणि डब्ल्यूजी करा: कूळ ग्लासगोचं, कर्तृत्व भारतातलं. फक्त बाजारातले १६.५ मिलिमीटरचे रूळ घेऊ नका, ते आपल्या ब्रॉडगेजला पावणेतीन मिलिमीटरनं कमी पडतात. आपल्या मापाचे, १९.३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच टाका.