गंडगाय : पूर, पूल आणि शिदोरीची पेटी

नावात 'गाय' ऐकू आली तरी हे गाव ओळखले जाते ते एका कुत्र्यामुळे. ऑस्ट्रेलियाचा नकाशा पुढे घ्या. सिडनीपासून मेलबर्नकडे जाणारा ह्यूम हमरस्ता धरा आणि नैर्ऋत्येला सुमारे पावणेचारशे किलोमीटर या. न्यू साउथ वेल्स राज्यात मरम्बिजी नदीच्या काठी गंडगाय लागेल. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला बाजारही आठवड्यातून एकदाच भरायचा! पण या चिमुकल्या गावाचे नाव तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असते, कारण त्याच्यावर गाणी आहेत. त्यांतले सर्वांत गाजलेले गाणे जॅक ओ'हेगन याने १९२२ साली रचले. गंमत अशी, की ते रचले तेव्हा त्याने हे गाव डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते.

आता तो कुत्रा. आगगाडी येण्यापूर्वी या मुलखात सगळा माल बैलगाड्यांतून जाई. गाडीवानाच्या खाण्याची एक पेटी असे. तिला तिकडे 'टकरबॉक्स' म्हणतात, आपण शिदोरीची पेटी म्हणू. गाडी चिखलात रुतली, जू मोडले, सगळेच बिनसले, तरी इमानी कुत्रा पेटीवर बसून राखण करीत राहिला, अशी ही कथा. मूळ लोकगीतात कुत्र्याने पेटीवर बसण्यापेक्षा वेगळेच काही केले होते, असे जाणकार सांगतात. ते काय, हे वाचकांनी तर्कानेच ओळखावे. छापील पानावर ते शोभणार नाही. पुढे जॅक मोझेस याच्या कवितेने त्या कुत्र्याला सभ्य केले, आणि फ्रँक रस्कोनी या स्थानिक शिल्पकाराने त्याचा पुतळा घडवला. २८ नोव्हेंबर १९३२ रोजी पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी त्याचे अनावरण केले. मोझेसच्या कवितेत कुत्रा गावापासून नऊ मैलांवर आहे, पुतळा मात्र पाच मैलांवर बसवलेला आहे. कवितेतले मैल असेच मोजायचे असतात!

या रस्कोनीचेच आणखी एक काम गावात ठेवलेले आहे. निरनिराळ्या रंगांच्या संगमरवराचे २०,९४८ तुकडे जुळवून त्याने एक इमारतवजा कलाकृती रचली, तीही अवघी चार फूट उंच. त्यासाठी त्याला २८ वर्षे लागली. माणसाचा हात किती धीर धरू शकतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कुत्र्यापेक्षा ही वस्तू पाहावी.

परंतु या गावात पाहण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक मोकळी जागा. नदीच्या एका अंगाला टेकडी, तिच्या उतारावर उत्तरेकडचे गाव. दुसऱ्या काठाला दक्षिण गंडगाय. आणि मधे? मधे सपाट, हिरवे, रुंद मैदान. एवढी छान सपाट जमीन सोडून माणसे चढावर का बरे राहायला गेली?

त्याचे उत्तर १८५२ साली मिळते. सिडनीकडून दक्षिणेला जाणारा रस्ता नेमका इथे नदी ओलांडीत असे. उतारावर गाड्या थांबत, पाणी ओसरायची वाट पाहत. मग खाणावळ आली, दुकान आले, लोहार आला. आपल्याकडेही कितीतरी गावे अशीच उताराच्या आधाराने वसली आहेत. १८३८ मध्ये सरकारने रीतसर गाव आखले, ते याच सपाटीवर. आखणारे मोठे रसिक असावेत. गावातल्या रस्त्यांना होमर, व्हर्जिल, बायरन, शेरिडन अशी नावे आहेत, आणि टेकडीचे नाव पार्नासस, म्हणजे ग्रीक पुराणातला काव्यदेवतांचा डोंगर! ग्रीक-लॅटिन सगळे पाठ होते. शेजारची नदी तेवढी वाचायची राहिली.

ती वाचता येणारी माणसे तिथे होती. ही भूमी विराजुरी लोकांची. हजारो वर्षे ते या नदीच्या काठाने राहत आले. मरम्बिजी या नावाचा अर्थच 'मोठे पाणी' असा सांगतात. गावाच्या थोडे वर ट्यूमट नदी तिला मिळते. डोंगरातल्या दोन्ही नद्या एकदमच फुगल्या, तर पाणी पसरायला जागा एकच, ती म्हणजे हे मैदान. इथे वस्ती करू नका, असे विराजुरींनी गोऱ्या वसाहतवाल्यांना बजावले होते, अशी हकीकत आहे. १८४४ मध्ये एक पूर येऊनही गेला. पण घरे बांधली होती, जमिनीचे पैसे भरले होते. माणूस एकदा पैसे भरून बसला, की त्याला नदीचे म्हणणे सहसा ऐकू येत नाही.

२४ जून १८५२. तिकडे तो ऐन हिवाळा. रात्री पाणी गावात शिरले. लोक माळ्यावर चढले, माळ्यावरून छपरावर गेले. छपरे वाहून जाऊ लागली तेव्हा झाडे पकडली. काळोख, गारठा आणि ओंडके वाहून आणणारा लोंढा. अडीचशेच्या आसपास वस्तीच्या गावातली निदान ७८ माणसे त्या पुरात गेली. दर तिघांत जवळजवळ एक! ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या सर्वांत प्राणघातक पुरांत त्याची गणना होते.

जे वाचले, त्यांतले बरेचसे विराजुरींमुळे वाचले. यारी नावाचा विराजुरी माणूस सालीची होडी घेऊन त्या लोंढ्यात उतरला. ही होडी म्हणजे झाडाची साल एका मोठ्या पट्टीत सोलून, तिची टोके आवळून केलेली. तीत चालवणाऱ्याखेरीज कसाबसा एकच माणूस मावणार! म्हणजे एका झाडावरून एकाला उतरवायचे, काठाला आणायचे, आणि पुन्हा त्याच पाण्यात शिरायचे. यारीने अशी ४९ माणसे आणली, असे सांगतात. त्याचा सोबती जॅकी जॅकी याने वल्ह्याच्या नावेतून आणखी वीस आणली. लाँग जिमी वगैरे इतर विराजुरींचाही या कामात हात होता. ज्यांचे सांगणे कानाआड झाले होते, त्यांनीच हे केले, हे ध्यानात घ्या.

पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, पाणी त्याहूनही वर चढले. आता मात्र गाव उठले आणि टेकडीच्या उतारावर गेले. मैदान गुरांना चरायला राहिले. ते ओलांडायचे तर साध्या पुलाने भागेना, म्हणून १८६७ मध्ये प्रिन्स आल्फ्रेड पूल झाला. नदीवर लोखंडी गाळे आणि पुढे मैदानावरून कितीतरी लांब लाकडी सेतू, सगळी मिळून लांबी सुमारे नऊशे मीटर. १९०३ मध्ये रेल्वेसाठीही तसाच लाकडी पूल उभा राहिला. पुराच्या वेळी पाणी कुठवर जाते, हे या पुलांच्या लांबीवरून मोजून घ्यावे. १९७७ मध्ये हमरस्ता नव्या शीहन पुलावरून गेला. प्रिन्स आल्फ्रेड पुलाचा जीर्ण लाकडी सेतू २०२१ मध्ये पाडायला घेतला, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली.

आणि यारी? गावाने त्याला आणि जॅकी जॅकीला गळ्यात घालायच्या कोरीव धातूच्या पट्ट्या दिल्या. शिवाय गावकऱ्यांकडून सहा-सहा पेन्स मागण्याची मुभा! ज्याने जीव वाचवला त्याला दारोदार नाणे मागण्याचा हक्क देणे, याला बक्षीस म्हणावे की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. यारी १८८० मध्ये वारला. कुत्र्याचा पुतळा १९३२ मध्ये उभा राहिला. यारी आणि जॅकी जॅकी यांचा होडीसह कांस्यपुतळा शेरिडन रस्त्यावर उभा राहायला २०१७ साल उजाडले. त्या पुरानंतर बरोबर १६५ वर्षांनी.

कधी तिकडे जाण्याचा योग आला, तर हमरस्त्यावरच्या कुत्र्यापाशी फोटो काढून परतू नका. पाच मैल पुढे गावात शिरा. पुतळा पाहून झाल्यावर उत्तरेच्या दफनभूमीकडे चढून जा. १८८० मध्येच सिडनीत फाशी गेलेला कॅप्टन मूनलाइट हा दरोडेखोर तिथे पुरलेला आहे. १९९५ मध्ये त्याचे अवशेष सिडनीहून आणून, त्याच्या इच्छेप्रमाणे, जिवलग मित्राजवळ ठेवले. लोक बहुधा त्याचीच कबर विचारतात. तुम्ही यारीचीही विचारा. तोही त्याच दफनभूमीत आहे, पाण्यापासून पुष्कळ वर.