अमेरिकेच्या हमरस्त्यावर भेटलेल्या कण्या

लेकीकडे अमेरिकेला राहून आलेल्या बाईला भिशीत हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘काय काय पाहिलंत?’ आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, ‘खाण्याचे हाल झाले का हो?’ पहिल्याचं उत्तर द्यायला फोटो आहेत. दुसऱ्याचं उत्तर मी अजून कुणालाच नीट दिलेलं नाही. ते आज इथे देते.

माझी लेक अटलांटाला असते. तिथले लोक ज्या मुलखाला नुसतं ‘साउथ’ म्हणतात, म्हणजे दक्षिण, त्यातलं हे मोठं शहर. उन्हाळा कडक, माणसं ऐसपैस बोलणारी. तिथून आम्ही मोटारीने नॅशव्हिलला निघालो. हे, मी, लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. प्रवास म्हटला की आपला हात आपोआप कणकेच्या डब्याकडे जातो. मीही पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. चॅटानुगा यायच्या आतच त्या संपल्या! पुढे मोठा घाट लागतो आणि त्याच सुमारास घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे जेवायची वेळ झाली म्हणावं, तर ती अजून व्हायचीच असते. पोटाला हे कोण सांगणार?

“आई, आज तुला खरी इथली न्याहारी देते,” लेक म्हणाली आणि जावयांनी गाडी ‘क्रॅकर बॅरल’च्या पाटीखाली वळवली.

ही काही एकटीदुकटी खाणावळ नव्हे. अशी सुमारे साडेसहाशे आहेत, बहुतेक हमरस्त्याच्या फाट्यावर. बाहेर लांब लाकडी ओटी आणि तिच्यावर ओळीने झुलत्या खुर्च्या मांडलेल्या. टेबल मिळेपर्यंत झुलत बसा. खुर्ची आवडली तर विकतही घ्या, किमतीची चिठ्ठी लावलेलीच असते. आत शिरलात की आधी दुकान. जुन्या तऱ्हेच्या गोळ्या, मुरंबे, गोधड्या, खेळणी. त्या दुकानातूनच जेवणघरात जावं लागतं. जावई हसून म्हणाले, “आई, पाकीट बाबांकडे द्या आणि सरळ समोर बघत चला.”

डॅन एव्हिन्स नावाचे एक गृहस्थ शेल कंपनीच्या पेट्रोल विक्रीचं काम बघत. लोकांनी पेट्रोलसाठी थांबावं म्हणून खाण्याची सोय करावी, या विचाराने त्यांनी 1969 साली टेनेसी राज्यात लेबनन या गावी पहिलं दुकान काढलं. पुढे तेलाची टंचाई आली, पेट्रोलचे पंप गेले, आणि खाणं तेवढं राहिलं. जेवणघराच्या भिंतींवर जुनी अवजारं, जाहिरातींचे पत्रे, कपडे घासायच्या खाचांच्या फळ्या टांगलेल्या असतात. ह्यांना ते सगळं फार आवडलं. मला त्या फळीकडे बघून आधी आठवला तो आमच्या वाड्यातला धुण्याचा दगड, आणि हिवाळ्यात त्यावर काम करून सुजलेली बोटं.

पण आत जाण्याआधी ओटीवर जे घडलं ते सांगायचं राहिलंच.

नातवाने “आजी, एकसुद्धा पुरी नाही?” म्हणून भुणभुण लावली होती. मी पिशवीतून रिकामा डबा काढून त्याला तळ दाखवत होते. शेजारच्या खुर्चीत एक वयस्क काळ्या बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर छान टोपी. त्यांनी डब्याकडे बघून विचारलं, “घरून आणलं होतं वाटतं?” माझं इंग्रजी बेताचं, तरी हे कळलं. लेकीने मध्ये पडून गप्पा जुळवून दिल्या. बाई मला ‘हनी’ म्हणत होत्या. मला जरा लाजल्यासारखं झालं, पण त्या बाजूला दुकानातली मुलगीसुद्धा गिऱ्हाइकाला तसंच म्हणते.

“आमच्या लहानपणी आईसुद्धा डबा भरायची,” त्या म्हणाल्या. “बुटाच्या खोक्यात. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा. हौस म्हणून नव्हे हं. या रस्त्यावरच्या खाणावळीत आम्हाला बसू देत नसत.”

1964 साली कायदा झाला आणि मग काळ्या माणसाला हॉटेलात मज्जाव करणं बेकायदा ठरलं. त्याआधी 1936 पासून न्यूयॉर्कचे व्हिक्टर ग्रीन एक पुस्तिका काढत. कुठल्या गावी काळ्यांना जेवण मिळेल, कुठे रात्री पाठ टेकता येईल, याची ती यादी असे. कायदा झाला म्हणून सगळं लगेच सरळ झालं असंही नाही. याच क्रॅकर बॅरलबद्दल, काळ्या गिऱ्हाइकांना वेगळं बसवतात आणि ताटकळत ठेवतात अशी तक्रार अमेरिकेच्या न्याय खात्याने केली होती. 2004 मध्ये तडजोड झाली आणि नोकरांना नीट शिकवण देण्याचं कंपनीने कबूल केलं. लेकीने हे मला नंतर गाडीत सांगितलं. ओटीवरच्या बाईंना ते ठाऊक असणारच. पण त्या आपल्या मजेत झुलत होत्या.

“माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला,” त्या म्हणाल्या. “आत ताटात जे येईल ना, ते तिच्यासारख्यांनीच शिजवून शिजवून चवीला आणलंय. तू ग्रिट्स घे. लोणी आणि मीठ घाल. साखर घातलीस तर आजीला वरती कळेल!”

मग आमच्या नावाचा पुकारा झाला.

खाण्याचं सांगते. बिस्किट म्हणजे आपलं चहाबरोबरचं बिस्किट नव्हे. ताक आणि बेकिंग पावडर घालून भाजलेला मऊसूत, गरमागरम पाव. त्यावर लोणी आणि मध. मक्याच्या पिठाचा पाव वेगळा. आपल्या मक्याच्या भाकरीचा जाडजूड, खुसखुशीत भाऊ म्हणा. दालचिनी घालून शिजवलेली सफरचंदं आली. भेंडी आली! चकत्या करून मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. ही भेंडी आणि चवळी या मुलखात आफ्रिकेतून आली. ज्या जहाजांनी गुलाम आणले त्याच वाटेने. गुलामी 1865 मध्ये संपली, स्वयंपाकघरं मात्र त्याच हातांत राहिली. एड्ना लुइस या सुग्रण बाई गुलामीतून सुटलेल्यांची नात. त्यांनी 1976 साली आपल्या गावच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे हे खाणं कोणाचं, हे पुष्कळांनी मान्य केलं.

शाकाहारी मैत्रिणींनी मात्र एक लक्षात ठेवावं. ‘भाजी’ या शब्दावर तिथे विसंबू नका. सलगमचा पाला, फरसबी, कडधान्यं हे सगळं दक्षिणेत डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून तासन् तास शिजवायची रीत आहे. बिस्किटावर ओततात त्या पांढऱ्या रश्श्यातही मांसाची चरबी असते. लाजू नका, विचारा. आमच्या वाढणाऱ्या मुलीने आधी विचारल्यावर एकेक पदार्थ बोट ठेवून सांगितला.

आणि मग तो वाडगा आला. पांढरट, दाणेदार, वाफाळणारं. मध्ये लोण्याचा डबका. मी मीठ घातलं, एक चमचा तोंडात घातला आणि हात तिथेच थांबला.

“काय झालं? नाही आवडलं?” लेकीने विचारलं.

“कण्या आहेत गं ह्या,” मी म्हटलं.

“कण्या म्हणजे?”

बघा, चाळिशीला आलेली माझी मुलगी, आणि तिला कण्या हा शब्द ठाऊक नाही. तो दोष तिचा नव्हे.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. वडील शिंपीकाम करत. पण ज्या साली पोटालाच नाही, त्या साली नवे कपडे कोण शिवतो? रेशनवर मिलो मिळायची, तांबडी ज्वारी, अमेरिकेहून आलेली. तिची भाकरी थापावी तर चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. शेवटी आई ती जात्यावर जाडसर भरडायची, पाखडायची आणि कण्या शिजवायची. ताक मिळालं तर ताकाबरोबर, नाहीतर मीठ आणि मिरची. शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा झाकणाआड धरून खायची. मुली ‘मिलो, मिलो’ म्हणून चिडवायच्या.

लग्न होऊन पुण्याला आले. पहिल्याच वर्षी एकदा हौसेने ज्वारीच्या कण्या केल्या. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून म्हटलं, “हे आपल्याकडे नाही करत हो. गड्यांना देतात.” रागावल्या नाहीत, अगदी साधेपणाने बोलल्या. त्या दिवसानंतर चाळीस वर्षांत मी कण्या केल्या नाहीत. आई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती, तेव्हा एकदा तिने मागितल्या. मी तिला साबुदाण्याची खीर करून दिली.

हे सगळं मी त्या टेबलाशी सांगितलं. ह्यांनी काटा खाली ठेवला. “मला कधी बोलली नाहीस,” म्हणाले. नातू टेबलावरच्या तिकोनी लाकडी पटावर खुंट्या उडवून काढायचा खेळ खेळत होता. चार खुंट्या उरल्या, म्हणजे पटावरच्या निकालाप्रमाणे तो ठोंब्या ठरला. त्याच्या रडारडीत विषय तिथेच तुटला. मी वाडगा पुसून खाल्ला.

परत निघताना ओटीवर पाहिलं, त्या बाई दिसल्या नाहीत. आतल्या गर्दीत असतील.

अटलांटाला परतल्यावर लेकीने साध्या दुकानातून ग्रिट्सचं पाकीट आणलं. तिथे ते अगदी रोजचं. जॉर्जियाने तर 2002 मध्ये ग्रिट्सना राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला आहे. मूळ रीत तिथल्या आदिवासींची. ते मका राखेच्या पाण्यात शिजवत. त्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. पुढे गोरगरिबांना नुसत्या मक्याच्या पिठावर दिवस काढावे लागले, तेव्हा दक्षिणेत पेलाग्रा नावाच्या रोगाने माणसं मेली. तो रोग खाण्यातल्या उणिवेचा, हे 1914 नंतर डॉ. गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे हैदराबादच्या बाजूला नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांतही तो आढळला होता. तेव्हा मका असो की ज्वारी, कण्यांबरोबर ताक, डाळ, शेंगदाणे असू द्यावेत.

मी त्या ग्रिट्स कशा केल्या ते सांगते. इथे मक्याचा जाड रवा किंवा ज्वारीच्या कण्या घ्या. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ घालून कण्या एका हाताने वैरायच्या आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं, नाहीतर गाठी होतात. मग आच अगदी मंद. ज्वारीच्या कण्या आधी तासभर भिजवल्या तर लवकर मऊ होतात. शिजल्या की उतरवून कोमट होऊ द्यायच्या, आणि मग ताक. वरून तुपात लसूण, जिरं, सुकी मिरची यांची फोडणी. लसूण लालसर झालाच पाहिजे.

पहिला वाडगा ह्यांनी मागितला. नातवाने साखर घातली. मला ओटीवरच्या बाईंची आजी आठवली, पण मी गप्प बसले.

गेल्या रविवारी रात्री लेकीचा फोन आला. मागे पातेल्याचा खडखडाट ऐकू येत होता.

“आई, गाठी झाल्यात. आता काय करू?”