जुनी लेन्स, नवा सेन्सर आणि फोकसची कसोटी

हाताने रिंग फिरवून फोकस करावयाच्या जुन्या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवल्या की छायाचित्रे किंचित धूसर येतात, अशी तक्रार अनेक छायाचित्रकार करतात आणि दोष बहुधा लेन्सच्या काचेला देतात. प्रत्यक्षात बदललेली असते ती स्पष्टता मोजण्याची कसोटी.

लेन्स काटेकोर अर्थाने एकाच अंतरावरील वस्तूची प्रतिमा बिंदुरूपाने उमटवते, तर त्या अंतराच्या अलीकडील व पलीकडील प्रत्येक बिंदूची सेन्सरवर लहानशी चकती होते. ही चकती डोळ्याला बिंदूच भासते तोवरच्या अंतराच्या पट्ट्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. ३५ मिमी फिल्मसाठी चकतीची मर्यादा साधारणपणे ०.०३ मिमी धरली जात असे, कारण मध्यम आकाराच्या छापील छायाचित्रात त्याहून लहान चकती वेगळी ओळखू येत नसे, आणि जुन्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी कोरलेल्या रेषा याच हिशेबावर आखलेल्या आहेत. परंतु तेवढ्याच आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवरील एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमी रुंद असतो. म्हणजे जुन्या मापाने स्पष्ट ठरलेली चकती पाच पिक्सेल व्यापते, आणि चित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडताच ती डोळ्यांत भरते. ५० मिमीची लेन्स एफ/१.४ या छिद्रमापावर एक मीटर अंतरासाठी वापरली, तर जुन्या हिशेबाने सुमारे ३२ मिमी खोली मिळते, पिक्सेलच्या हिशेबाने मात्र ती जेमतेम ६ मिमी उरते.

इतक्या अरुंद पट्ट्याचा वेध घेण्यास डिजिटल एसएलआरचा व्ह्यूफाइंडर अपुरा पडतो. फिल्म कॅमेऱ्यातील दुधी काचेच्या मधोमध प्रतिमा दुभंगून दाखवणारे लोलक असत व दोन अर्ध जुळले की फोकस साधला असे समजे. ऑटोफोकस आल्यावर हे लोलक गेले आणि झूम लेन्सच्या मंद प्रकाशातही दृश्य उजळ दिसावे म्हणून पडदे असे घडवले गेले की, एफ/२.८ हून मोठ्या छिद्राची खरी धूसरता त्यांवर दिसतच नाही.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत सेन्सरवर पडलेलीच प्रतिमा डोळ्यापुढे येते, म्हणून तेथे ही अडचण उरत नाही. त्यांतील ‘फोकस पीकिंग’ ही सोय तीव्र फरकाच्या कडा शोधून त्यांना रंग देते. ती वेगवान आहे. मात्र फरक ठळक असला की जरा चुकलेली कडही रंगते, त्यामुळे तिला सूचना मानावे, निर्णय नव्हे. निर्णयासाठी दृश्याचा हवा तो भाग पाच किंवा दहा पटींनी मोठा करून पाहावा, रिंग स्पष्टतेच्या शिखरापलीकडे थोडी नेऊन परत आणावी, आणि मोठा केलेला भाग चौकटीच्या मध्याचा नसून जेथे फोकस हवा तेथलाच असावा. मध्यावर फोकस करून नंतर कॅमेरा वळवण्याची जुनी सवय येथे महाग पडते: एक मीटरवर कॅमेरा १५ अंशांनी वळला की फोकसचे प्रतल विषयाच्या सुमारे ३४ मिमी मागे सरकते. हातात धरलेला कॅमेरा श्वासागणिक पुढेमागे होतो, तेव्हा अचल विषयासाठी तिपाईला पर्याय नाही.

छिद्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लेन्सच्या कडेचे आणि मध्याचे किरण नेमके एकाच जागी एकवटत नसल्यास (यालाच गोलीय विपथन म्हणतात) छिद्र लहान करताच सर्वोत्तम फोकसची जागा सरकते, आणि मोठ्या छिद्राच्या जुन्या लेन्समध्ये हा दोष बऱ्याचदा आढळतो. त्यामुळे एफ/४ पर्यंत ज्या छिद्रावर छायाचित्र घ्यायचे, त्याच छिद्रावर फोकस करणे श्रेयस्कर. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर प्रतिमा उजळून दाखवत असल्याने अंधाराची अडचण येत नाही. एफ/८ आणि त्यापुढे वाढलेली खोली हे सरकणे सामावून घेते, म्हणून तेथे छिद्र उघडून फोकस करावा व मग ते मिटवावे.

लेन्सवरील अनंत अंतराच्या खुणेवरही विसंबता येत नाही. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी अंतर असते, आणि उरलेले २८.५ मिमी ॲडॅप्टरची कडी भरून काढते. लेन्स अनंतापर्यंत निश्चित पोहोचावी म्हणून अनेक कड्या मुद्दाम किंचित पातळ केलेल्या असतात. कडी ०.१ मिमी पातळ असली तर २८ मिमी लेन्सचे खरे अनंत रिंगवरच्या आठ मीटरच्या आसपास येते. रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्यांनी म्हणूनच एखादा ठळक तारा दहापट मोठा करून, तो सर्वांत लहान दिसेल तेथे रिंग थांबवावी आणि चिकटपट्टीने ती जागा पक्की करावी.