2 मिलिमीटरचं भोक आणि 28 टक्के

सेकंदाला 3.2 ग्रॅम. 1796 सीसीचं पेट्रोल इंजिन 700 आरपीएमवर नुसतं उभं असताना, म्हणजे आयडलला, साधारण एवढी हवा ओढतं. तेच इंजिन सुपरचार्जरच्या जोरावर पूर्ण 163 अश्वशक्ती देतं, तेव्हा आकडा 130 ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे चाळीसपट. जुनी सुपरचार्जर गाडी हायवेवर तक्रार करत नाही आणि फाटकाशी थांबली की थरथरते, त्याचं कारण या चाळीसपटीत आहे.

हे माप मर्सिडीजच्या सी 200 कॉम्प्रेसरचं, एम271 इंजिनाचं. भारतात विकली गेलेली सी-क्लास पुण्यात जोडली जायची. आधी पिंपरीत, 2009 पासून चाकणला. तिची डब्ल्यू203 ही पिढी 2007 मध्ये संपली. म्हणजे त्यातल्या शेवटच्या गाडीचीही 15 वर्षांची मूळ नोंदणी 2022 च्या सुमारास संपली. अशी गाडी भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात आली, तर अधिकृत वर्कशॉपसाठी नागपूर गाठावं लागतं. निघण्याआधी हातात आकडे असलेले बरे.

आता भोक. थ्रॉटलच्या पुढे, इनटेकच्या बाजूला, एखाद्या रबरी नळीला 2 मिलिमीटरच्या भोकाएवढी चीर पडली, तर आयडलच्या निर्वात दाबामुळे तिच्यातून हिशेबाने सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा आत शिरते. इंजिनला लागणाऱ्या 3.2 ग्रॅमपैकी 0.5 ग्रॅम चोरवाटेने आली, की हवा मोजणाऱ्या सेन्सरला उरलेले 2.7 च दिसतात. मिश्रण सांभाळायला कॉम्प्युटर 18 ते 19 टक्के जास्त पेट्रोल सोडतो. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतो तो हाच आकडा. शॉर्ट आणि लाँग असे दोन ट्रिम असतात. बेरीज करूनच वाचायचे. पूर्ण जोरात हीच चीर 130 ग्रॅममागे अर्धा टक्काही भरत नाही. शिवाय तेव्हा सुपरचार्जरमुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे हवा आत येण्याऐवजी बाहेर निसटते.

चीर बहुधा कुठे असते? या इंजिनात पहिला संशय क्रँककेसच्या ब्रीदर नळीवर. इनटेक मॅनिफोल्डखाली, वरून न दिसणाऱ्या जागी ती बसते. आतून तेलाची वाफ, बाहेरून इंजिनची धग, त्यावर भंडाऱ्याच्या मे महिन्यातले 45 अंश. रबर आधी मऊ पडतं, मग कडक होतं. बोटाने दाबलं की वळणावरची चीर उघडते. मिस्त्री मात्र अनेकदा प्लग आणि कॉइल बदलण्यापासून सुरुवात करतो, कारण ते वर असतात.

इथपर्यंतचा हिशेब 2014 साली पुरेसा होता. 2013-14 मध्ये पेट्रोलमध्ये सरासरी 1.53 टक्के इथेनॉल होतं. 2022-23 मध्ये 12.06 टक्के, पुढच्याच वर्षी 14.6 टक्के, आणि 2025 मध्ये 20 टक्के, म्हणजे ई20. शुद्ध पेट्रोलच्या 1 ग्रॅमला 14.7 ग्रॅम हवा लागते, ई20 च्या ग्रॅमला सुमारे 13.5. म्हणून जुन्या मापावर बेतलेला कॉम्प्युटर कुठलाही बिघाड नसताना आकारमानाने सुमारे 8 टक्के जास्त इंधन सोडतो.

हे 8 आणि चिरेचे 18-19 एकमेकांवर चढून ट्रिम 28 टक्क्यांवर जातो. बहुतेक गाड्यांत 20 ते 25 टक्क्यांच्या पुढे ‘मिश्रण फार पातळ’ हा पी0171 कोड नोंदला जातो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी मुकाट राहिलेली चीर आज डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पेटवते. पेट्रोल पंपाला दोष देणारा मालक अर्धा बरोबर असतो. अर्ध्याहूनही कमी, कारण 28 मधले 8 च इथेनॉलचे.

वेगळं कसं करायचं? इंजिन गरम करून 2500 आरपीएमवर धरा. तिथे हवा 10 ग्रॅमच्या घरात, चिरेचा वाटा 5 टक्के, इथेनॉलचे 8 तेवढेच. ट्रिम 14 च्या आसपास. आयडलला 28 आणि 2500 ला 14 असेल, तर चीर शोधा. दोन्हीकडे 8 असेल, तर नळ्यांना हात लावू नका. उलट 2500 ला आकडा वाढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा हवेचा सेन्सर तपासा.

एक विचित्र गोष्ट: एसी लावला की अशी गाडी कधी कधी शांत होते. एसीच्या कंप्रेसरचा भार उचलायला इंजिन जास्त हवा घेतं, समजा 4.5 ग्रॅम. चीर तेवढीच, पण ट्रिममधला तिचा वाटा साडेबारा टक्क्यांवर येतो. ‘एसी लावल्यावर बरी चालते’ हे गिऱ्हाईकाचं वाक्य मिस्त्रीने हसण्यावारी नेऊ नये.

ट्रिम ठीक आणि थरथर कायम असेल, तर प्रश्न हवेचा नाही. थंड इंजिन चालू करताना एक-दोन सेकंद खडखड होत असेल, तर टायमिंग चेन आणि कॅमशाफ्ट ॲडजस्टर बघावे लागतात. तो खर्च मोठा आहे, आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी चालवू नये.

बाकी वेळी कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी मिस्त्रीकडून आयडल आणि 2500 आरपीएम या दोन्हींचे ट्रिम कागदावर लिहून घ्या.