मानकाची मंजुरी

उणकलच्या तलावापासून फार दूर नसलेल्या बेंगेरीत, कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या कारखान्यात, अशोकचक्राचे चोवीस आरे राष्ट्रध्वजाच्या दोन्ही बाजूंस तंतोतंत एकमेकांवर यावेत म्हणून कामगार जी दक्षता घेतात, तिच्यामागे भारतीय मानकांतील पहिल्या क्रमांकाच्या मानकाचा हुकूम असतो. हे मानक ज्या भारतीय मानक ब्यूरोच्या दफ्तरी आहे, त्याच ब्यूरोपुढे २००७ साली संगणकावरील दस्तऐवज कोणत्या मांडणीने जतन व्हावेत, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय मतदानाच्या निमित्ताने आला.

आंतरराष्ट्रीय मानकाचा मसुदा एरवी समित्यांत वर्षानुवर्षे तपासला जातो. परंतु मान्यताप्राप्त संस्थेने सिद्ध मानक आणून दिल्यास त्यास जलद मार्ग खुला असतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या दस्तऐवजांच्या मांडणीचा सुमारे ६,००० पानांचा मसुदा एक्मा या संस्थेमार्फत याच मार्गाने आला. मतदानास तेव्हा मुदत पाच महिन्यांची होती. मंजुरीसाठी मतदान करणाऱ्या सक्रिय सदस्य राष्ट्रांपैकी दोनतृतीयांश अनुकूल हवीत, शिवाय एकूण मतांत चतुर्थांशाहून अधिक नकार नसावा. २ सप्टेंबर २००७ रोजी हा कौल अपुरा पडला. भारताने आक्षेपांसह नकार नोंदवला होता.

देशोदेशींच्या आक्षेपांतील एकच पाहावा. इसवी सन १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी त्या साली २९ फेब्रुवारी होती असे धरून तारखा मोजण्याची जुन्या संगणकप्रणालींतील चूक मसुद्यात जशीच्या तशी उतरली होती. ज्या मांडणीत उद्या सातबाऱ्याचे फेरफार आणि जन्ममृत्यूच्या नोंदी राहायच्या, तिच्यात अशी चूक शिक्कामोर्तब होऊन कायम व्हावी, हे मला असह्य वाटते.

फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात आक्षेपांच्या निवारणासाठी बैठक भरली; पण पाच दिवसांत आक्षेपांना दिलेल्या सुमारे हजार उत्तरांची छाननी होणे अशक्य असल्याने बहुतेकांवर चर्चेविना एकत्रित मतदान झाले. पुढे काही राष्ट्रांनी कौल फिरवला, मसुदा मंजूर झाला. भारत मात्र नकारावर ठाम राहिला आणि ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्याप्रमाणे त्यानेही अपील केले. ऑगस्टमध्ये ही अपिले फेटाळली गेली.

निकाल विरुद्ध गेला, तरी तो नकार योग्यच होता. वाचायलाच महिने लागतील अशा मसुद्याला जलद मार्ग देणेच मुळात गैर होते; आणि खुल्या दस्तऐवजाचे ‘ओडीएफ’ हे दुसरे मानक तर २००६ पासूनच मंजूर होते.